पांचवा क्रमांक

गेलीं तीस वर्षें आम्ही अर्थशास्त्र शिकवीत आहों, आणि एवढ्या अवधींत कॉलेजच्या क्रीडांगणावर आमचें पाऊल बहुधा पारितोषिक-समारंभापुरतेंच पडलें. खेळाडू विद्यार्थी हजेरीचा अर्ज घेऊन आला म्हणजे त्यावर सही करावी, "जरा अभ्यासाकडेहि लक्ष असूं द्या" हें ठरलेलें वाक्य उच्चारावें, आणि पेन खिशांत ठेवावें, एवढाच आमचा व क्रीडादेवतेचा व्यवहार. असा मनुष्य अमेरिकेंतील कॉलेजांच्या फुटबॉलवर लिहावयास बसला हें ऐकून आमचे सहकारी हंसतील. परंतु त्यांनीं हंसण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, १९२६ सालीं त्या देशांतल्या कॉलेजांच्या फुटबॉल-संघांचा गणिती क्रम लावून अजिंक्य कोण हें ठरविण्याचा उद्योग ज्यानें गाजविला, तो फ्रँक डिकिन्सन इलिनॉय विद्यापीठांत अर्थशास्त्राचाच प्राध्यापक होता. नोटर डेमचे नामांकित प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांनीं त्याला गळ घातली कीं, हा हिशेब दोन वर्षें मागें नेतां येणार नाहीं काय? प्रोफेसरमजकुरांनीं तो मागें नेला, आणि १९२४ चें अजिंक्यपद नोटर डेमच्या पदरांत पडलें, असें सांगतात. तेव्हां या भानगडींत आमच्या पेशाचा हात पहिल्यापासून आहे. आमचा स्वतःचा हात त्यांत कसा सांपडला, तें पुढें येईलच.

२०२३ सालच्या दिवाळीच्या सुटीला अर्जित रजेचें ठिगळ लावून आम्ही उभयतां अमेरिकेस गेलों. आमची कन्या मिशिगन विद्यापीठांत उच्च शिक्षण घेत होती, आणि अ‍ॅन आर्बर येथील तिच्या बिऱ्हाडीं महिनाभर राहावें असा बेत होता. शहर लहान, वस्ती सव्वा लाखाच्या आंतबाहेर. आणि तेथील फुटबॉलच्या क्रीडांगणांत माणसें मावतात एक लाख सात हजार सहाशें एक! शेवटच्या त्या एकाचें आम्हांस फार कुतूहल वाटलें. फ्रिट्झ क्रिसलर नांवाच्या जुन्या प्रशिक्षकाच्या सन्मानार्थ ती एक जागा धरलेली आहे, आणि ती नेमकी कोठें आहे हें कोणासच ठाऊक नाहीं, असें आमच्या कन्येनें सांगितलें. देवघरांत जसा एक अक्षतांचा दाणा जास्त ठेवावा, तसा हा प्रकार.

२५ नोव्हेंबर, शनिवार, या दिवशीं तेथें ओहायो स्टेट विद्यापीठाशीं सामना होता. या दोघांचें वैर १८९७ पासूनचें. खरें म्हटलें तर त्याहूनहि जुनें. कारण १८३५ सालीं टोलेडो शहराभोंवतींच्या एका पट्ट्यासाठीं ओहायो व मिशिगन शिबंदी घेऊन समोरासमोर उभे ठाकले होते. सीमावाद म्हणजे काय हें आम्हां मराठी माणसांस सांगावयास नको. सामन्याच्या आठवड्यांत कोलंबस येथें विद्यापीठाच्या आवारांतील पाट्यांवर जेथें जेथें 'एम्' हें अक्षर येतें तेथें तेथें त्यावर लाल फुली मारून ठेवतात, आणि त्यांचे एक प्रख्यात प्रशिक्षक मिशिगनचा उल्लेख 'उत्तरेकडचें तें राज्य' असाच करीत. पूर्वीं आपल्याकडे बायका नवऱ्याचें नांव घेत नसत. तेथें वैऱ्याचें घेत नाहींत, एवढाच काय तो फरक.

त्या सामन्याच्या तिकिटाची किंमत ऐकून आम्हीं ती मनांतल्या मनांत रुपयांत मांडली आणि घरींच बसण्याचें ठरविलें. मुलगी विद्यार्थ्यांच्या तिकिटावर गेली. आम्ही बिऱ्हाडांत दूरदर्शन-संचासमोर बसलों. तेथें एक विलक्षण अनुभव आला. क्रीडांगण खिडकीपासून फार दूर नव्हतें. पडद्यावर खेळाडू अजून वांकून उभे असावेत, आणि तेवढ्यांत बाहेरून लाख माणसांची आरोळी यावी; मग कांहीं क्षणांनीं ती आरोळी कशासाठीं होती तें आम्हांस दिसावें. फळ आधीं, कारण मागाहून! आमच्या सौभाग्यवतींनीं तर पडद्याकडे पाहणें सोडून दिलें. खिडकी उघडी ठेवून, अंगावर शाल घेऊन, केवळ कानांनीं त्यांनीं सामना पाहिला, आणि मिशिगननें ३० विरुद्ध २४ असा तो जिंकला हें आमच्या आधीं जाहीर केलें.

या खेळास फुटबॉल कां म्हणावें हें आम्हांस शेवटपर्यंत उमगलें नाहीं. पाय चेंडूस क्वचितच लागतो. परंतु माणसें उमगलीं. सत्तरीच्या आजीबाई पिंवळ्या-निळ्या टोप्या घालून थंडींत उभ्या होत्या. तें पाहून आम्हांस आमच्या विद्यार्थिदशेंतलें पुण्याचें भरत नाट्य मंदिर आठवलें. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका-स्पर्धेंत 'अरे आवाज कुणाचा' म्हणून आम्हींहि घसा फोडला होता. आपल्या कॉलेजच्या नाटकांतला विनोद कळला नाहीं तरी हंसावें, दुसऱ्यांच्या नाटकांत नायिका मरत असतां डोळे कोरडे ठेवावे, आणि निकाल विरुद्ध गेला कीं परीक्षकांच्या सात पिढ्यांच्या रसिकतेचा उद्धार करीत टिळक रस्त्यानें घरीं जावें, ही त्या वयांतली निष्ठा. २०२२ सालीं तर परीक्षकांनीं करंडकास कोणीच पात्र नाहीं असा निकाल दिला, तेव्हां पन्नाशी उलटलेल्या आमच्या मित्रांनीं आठवडाभर एकमेकांस दूरध्वनि करून वाद घातला. त्यांतल्या एकानेंहि त्या वर्षींची एकांकिका पाहिली नव्हती!

तर सांगावयाचें तें हें कीं, अमेरिकेंत या खेळाच्या वरच्या वर्गाचें अजिंक्यपद तेथील विद्यापीठांच्या मध्यवर्ती क्रीडा-संस्थेनें आजवर कधींच दिलेलें नाहीं. इतर खेळांत देतात, यांत नाहीं. शंभर-सव्वाशांवर संघ, आणि प्रत्येकाच्या वांट्यास सामने येतात बारा-तेरा. ज्यांची गांठच पडली नाहीं त्यांत थोर कोण, हें बोलूनच ठरवावें लागतें. १८६९ सालच्या ६ नोव्हेंबरला रटगर्स व प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. रटगर्सनें तो ६–४ असा जिंकला. दुसरा प्रिन्स्टननें ८–० असा जिंकला. तिसरा झालाच नाहीं; मुलांच्या अभ्यासांत व्यत्यय येतो म्हणून प्राध्यापकांनीं तो होऊं दिला नाहीं, असें म्हणतात. म्हणजे संघ दोनच असतांनाहि अजिंक्य कोण हें त्या वर्षीं ठरलें नाहीं, आणि त्याचें पाप पुनः आमच्याच जातीच्या माथीं!

पुढें १९३६ पासून वृत्तपत्रांचे क्रीडालेखक मतें देऊं लागले. १९५० पासून प्रशिक्षकहि वेगळीं मतें देऊं लागले. दोघांचें जमलें नाहीं कीं त्या वर्षीं दोन अजिंक्य. १९९७ सालीं लेखकांनीं मिशिगनला व प्रशिक्षकांनीं नेब्रास्काला मान दिला, आणि दोन्ही गांवीं त्याचा आनंद सारखाच झाला. १९९८ पासून गणक-यंत्रें आलीं, तीं २०१३ पर्यंत चाललीं. शिवाय ज्याला कोणी देत नाहीं तो स्वतःच घेतो, अशीहि सोय आहे. अलाबामा विद्यापीठ १९४१ सालचें अजिंक्यपद आपलें म्हणून सांगतें. त्या वर्षीं लेखकांच्या यादींत त्याचा क्रमांक विसावा होता. २०१७ सालीं सेंट्रल फ्लोरिडाचा संघ तेराहि सामने जिंकला. त्यास अंतिम चौघांत घेतलें नाहीं, तेव्हां त्यानें आपण अजिंक्य असल्याचें जाहीर करून मिरवणूकच काढली. हें ऐकून आम्ही प्रथम हंसलों. आतां तितकें हंसूं येत नाहीं.

२०१४ पासून चार संघ निवडून त्यांचे आपसांत सामने लावण्याची रीत सुरू झाली. निवड करते तेरा जणांची म्हणून नेमलेली एक समिति. टेक्सासमधील ग्रेपव्हाइन या गांवीं एका मोठ्या हॉटेलांत तिची बैठक भरते. पहिल्या समितींत तर माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस बसल्या होत्या. ज्या सभासदाचा एखाद्या विद्यापीठाशीं संबंध असेल त्यानें त्याचा विचार चालू असतां खोलीबाहेर जावें असा नियम आहे. आमच्याकडील समित्यांत अशा वेळीं संबंधित सभासद बाहेर जात नाहीं, चहा मागवितो.

३ डिसेंबरच्या रविवारीं दुपारीं निवड जाहीर व्हावयाची होती, म्हणून मुलीच्या बिऱ्हाडीं पांचसहा तरुण मंडळी जमली. सौभाग्यवतींनीं साबुदाण्याची खिचडी केली होती. जमलेल्यांत सोलापूरचा एक मुलगा होता. तो फ्लोरिडा स्टेट विद्यापीठांत शिकून डेट्रॉइटजवळ नोकरीस लागलेला. अंगांत गडद तांबडा सदरा, त्यावर सोनेरी अक्षरें. त्याचा संघ त्या वर्षीं तेराच्या तेरा सामने जिंकलेला होता. परंतु १८ नोव्हेंबरला त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून साऱ्या खेळाची सूत्रें हालतात तो मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. उरलेले दोन सामने संघानें त्याच्यावांचून जिंकले; आदल्याच दिवशींचा तर एका नवख्या पोरास पुढें करून, १६–६ असा.

पडद्यावर नांवें आलीं. पहिलें मिशिगन, आमच्या कन्येनें उडी मारली. दुसरें वॉशिंग्टन. तिसरें टेक्सास. चौथें अलाबामा, जें सप्टेंबरांत टेक्सासकडून हरलें होतें. फ्लोरिडा स्टेट पांचवें.

त्या मुलानें कांहीं आदळआपट केली नाहीं. हातांतली खिचडीची बशी खालीं ठेवली, आणि पुनः उचलून हळूहळू संपविली. बाकीच्यांचा मात्र कल्ला सुरू झाला. एक म्हणे, अलाबामानें आदल्या दिवशीं जॉर्जियाला हरविलें हें मोजावयास नको काय? दुसरी म्हणे, फ्लोरिडा स्टेटचे प्रतिस्पर्धीच दुबळे होते. वाद रंगला म्हणजे शेवटीं वडीलधाऱ्याकडे पाहण्याची आपली रीत आहे, कोणीतरी म्हणालें, "काका, तुम्ही सांगा. तुम्ही इतक्या निवड-समित्यांवर बसलेले आहांत."

हें आमंत्रण नाकारण्याइतका संयम प्राध्यापकांत नसतो. आम्हीं चष्मा पुसला, आणि पाऊण तास नव्हे तरी दहा मिनिटें व्याख्यान दिलें. निवड ही गतकालाची बक्षिसी नसून भविष्याचा अंदाज आहे. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणें ही गोष्ट ध्यानांत घेण्याची मुभा समितीच्या नियमांतच आहे. ज्यानें पहिले सामने जिंकले तो संघ व आज उरलेला संघ हे नांवानेंच एक आहेत. सबब समितीनें भावनेस बळी न पडतां योग्य तेंच केलें, असें आम्हीं साधार सिद्ध केलें. मंडळींना तें पटलेंहि असावें. सोलापूरच्या त्या मुलानें सगळें नीट ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, "काका, मग तेरा सामने खेळायचे कशाला?"

आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें. काय दिलें तें आठवत नाहीं.

त्या रात्रीं कन्येनें आम्हांस तिच्या फोनवर एक मजकूर दाखविला. जॉर्डन ट्रॅव्हिसनें लिहिलें होतें कीं, आपला पाय हंगामांत आधींच मोडता तर बरें झालें असतें. म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकचा नव्हे हें सर्वांस दिसलें असतें. मोडल्या पायाच्या मुलानें आपला पाय लवकर मोडला नाहीं म्हणून हळहळावें! सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आलें. आम्हांस झोंप आली नाहीं, परंतु त्याचें कारण ट्रॅव्हिस नव्हे.

२००९ सालची गोष्ट. बी. ए. ला पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास पुढील दोन वर्षांच्या शिक्षणासाठीं एक शिष्यवृत्ति द्यावयाची होती. ती कोणत्या संस्थेची हें सांगण्याचें कारण नाहीं. देणाऱ्याचा हेतु चोख होता. निवड-समिति तिघांची, आणि तिघांत बोलका सभासद आम्ही. पहिला आलेला मुलगा खेड्यांतला. शेवटच्या वर्षांत त्याला क्षय झाला होता. औषध चालू होतें. दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास त्याच्याहून चार गुण कमी. बैठकींत आम्हीं म्हणालों कीं, मुंबईची दगदग या प्रकृतीस झेपणार नाहीं, वर्ष बुडालें तर पैसा वायां जाईल, शिष्यवृत्ति ही दया नसून गुंतवणूक आहे. 'गुंतवणूक' हा शब्द आम्हीं अर्थशास्त्राच्या अधिकारानें वापरला. दुसरे दोघे सज्जन होते. त्यांनीं मान हालविली. शिष्यवृत्ति दुसऱ्याला गेली.

तो मुलगा आठवड्यानें आमच्या खोलींत आला. दाराशींच उभा राहिला. भांडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "सर, पेपर मी आजारी असतांनाच लिहिले होते."

आम्हीं "पुढें पाहूं" म्हणालों. पुढें पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. त्या शिष्यवृत्तीस पुनः अर्ज करतां येत नसे.

ज्याला शिष्यवृत्ति मिळाली त्यानें तिचें सोनें केलें. आज तो मोठ्या हुद्द्यावर आहे. इतकीं वर्षें आम्ही मनास समजावीत आलों तें याच आधारावर: पाहा, निवड बरोबर ठरली. ३० डिसेंबरला, आम्ही पुण्यास परतल्यावर, ऑरेंज बोलच्या सामन्यांत जॉर्जियानें फ्लोरिडा स्टेटचा ६३ विरुद्ध ३ असा धुव्वा उडविला, तेव्हां कन्येचा फोन आला, "बाबा, तुमची समिति जिंकली!" आम्ही आनंदानें 'हो' म्हणणार होतों. पण तिनेंच पुढें सांगितलें कीं, अजिंक्यपद हातचें गेल्यावर त्या संघांतले वीसांहून अधिक खेळाडू सामन्यास उतरलेच नाहींत. मग सिद्ध झालें तें काय? ज्याला आंत घेतलें नाहीं त्याचा खरा सामना होतच नाहीं. आणि जो झाला नाहीं तो आम्ही हरलेला धरतों. आमच्याच विषयांत विद्यार्थ्यांनीं असा युक्तिवाद लिहिला असता तर आम्हीं त्यास शून्य दिलें असतें.

१९७३ सालीं मिशिगनवरहि हेंच आलें होतें, आणि गंमत म्हणजे तें आम्हांस त्या वर्षीं कोणी सांगितलें नाहीं. आम्हींच मागाहून शोधून काढलें. ओहायो स्टेटशीं १०–१० अशी बरोबरी झाली. दोघेहि अपराजित, रोझ बोलच्या सामन्यास जावयाचा एकच. त्यांच्या गटांतील विद्यापीठांच्या क्रीडा-संचालकांनीं मतें देऊन ओहायो स्टेटला धाडलें. मिशिगनचा क्वार्टरबॅक डेनिस फ्रँकलिन याच्या गळ्याजवळचें हाड त्या सामन्यांत मोडलें होतें, आणि मतें फिरण्याचें कारण तेंच मानतात. प्रशिक्षक बो शेंबेकलर यांनीं तो निर्णय जन्मभर क्षमा केला नाहीं. ओहायो स्टेटनें मात्र रोझ बोल ४२–२१ असा जिंकला. म्हणजे तीहि निवड 'बरोबर ठरली'!

२०२४ च्या जानेवारींत मिशिगननें आधीं अलाबामाला व मग वॉशिंग्टनला हरवून अजिंक्यपद मिळविलें. त्या वर्षाच्या हंगामापासून चारांऐवजीं बारा संघ घेऊं लागले. लगेच त्याचा चमत्कार दिसला: ओहायो स्टेट आपल्याच क्रीडांगणावर मिशिगनकडून १३–१० असें हरलें, तरी बारांत शिरलें, आणि २०२५ च्या जानेवारींत अजिंक्य झालें. चारांच्या काळांत त्याला बाहेरच बसावें लागलें असतें, असें आमची कन्या अजून दांतओठ खाऊन सांगते. भांडण मात्र मिटलें नाहीं; तें पांचव्यावरून तेराव्यावर गेलें, इतकेंच. २०२५ च्या डिसेंबरांत नोटर डेमला वगळलें, तेव्हां त्यांनीं दुसरा कोणताहि बोल खेळण्यास नकार दिला. या सामन्यांना 'बोल' म्हणतात तें क्रीडांगणाच्या वाडग्यासारख्या आकारावरून. मराठींत मात्र त्या शब्दाचा अर्थ अधिक चपखल बसतो.

सोलापूरचा तो मुलगा मध्यंतरीं सुटीवर आला असतां आमच्या घरीं येऊन गेला. मुंबईहून भाड्याची मोटार करून गांवीं चालला होता. चहा घेतांना फुटबॉलचा विषय निघणारच. २०२४ सालीं त्याच्या संघानें बारा सामन्यांपैकीं दोनच जिंकले होते, तें त्यानें स्वतःच हंसत सांगितलें. मग आम्हीं त्याला २००९ ची हकीकत सांगितली. कां सांगितली कोण जाणे. सौभाग्यवतींसहि तोंवर ती ठाऊक नव्हती.

"मग ते आतां कुठें असतात?" त्यानें विचारलें.

तें आम्हांस माहीत होतें. दोन-तीन वर्षांआड आमच्या वर्गांत एखादा विद्यार्थी असा येतो कीं, त्याच्या वहींतील मागणी-पुरवठ्याच्या आकृती छापल्यासारख्या असतात. अकरावी-बारावीला कोणी शिकविलें म्हणून विचारावें तर तेंच नांव निघतें. सोलापूरच्या वाटेवरील एका गांवीं कनिष्ठ महाविद्यालयांत तो शिकवितो. प्रकृति उत्तम असल्याचें विद्यार्थी सांगतात. तो स्वतः आमच्याकडे कधीं आलेला नाहीं.

"मग माझ्या रस्त्यावरच आहे," मुलगा म्हणाला. "चला ना काका, गाडींत जागा आहे. संध्याकाळच्या एस्. टी. नें परत याल."

सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें, आणि दुपारीं विद्यापीठांत एका समितीची बैठक असल्याचें सांगितलें. बैठक होती हें खरें. ती चार वाजतां होती, आणि तिला आमच्यावांचून गणसंख्या पुरत होती हेंहि खरें. मुलानें नांव व गांव फोनमध्यें टिपून घेतलें, दोघांस वांकून नमस्कार केला, आणि तो खालीं उतरला. आम्ही गॅलरींत उभे होतों. गाडी कोपऱ्यावर बराच वेळ थांबलेली दिसत होती. बहुधा सिग्नल लाल असावा.